एक घोडाभर पुस्तकं आणि चार चाकं

ट्रेलर घरी आला तेव्हा त्याला अजून गवताचा वास होता. दोन घोडे शेजारी शेजारी उभे राहतील एवढी जागा, मधे लाकडी आडोसा, मागे उतरता दरवाजा, खाली जाड रबरी चटई. चटईखाली काय होतं ते विचारू नका. मला त्याचं फिरतं वाचनालय करायचं होतं. शेल्फं कुठे, खिडकी केवढी, दिवे कोणते, भिंतींना रंग कुठला, सगळ्याची चित्रं वहीत आधीच काढून ठेवली होती. चाकांसाठी त्या वहीत एकच ओळ होती, 'टायर बदलणे'. या एका ओळीने माझे सात आठवडे खाल्ले.

सुरुवात अर्थातच दिसण्यापासून झाली. मूळच्या १३ इंची पोलादी रिमा गंजलेल्या, टायर राखाडी पडलेले. वर मी सुंदर निळा रंग देणार आणि खाली ही असली चाकं? मग रात्री जागून मी कारच्या १५ इंची अलॉय चाकांचे फोटो बघत बसले. मोठी चाकं, जमिनीपासून उंची जास्त, ट्रेलर कसा ऐटीत दिसेल! पाच बोल्टची चाकं आहेत, माझ्याकडेही पाचच बोल्ट आहेत, म्हणजे बसतीलच, असा माझा त्या वेळचा अभ्यास.

शेजारचे काका आयुष्यभर अवजड गाड्यांच्या कामात होते. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिलासुद्धा नाही.

"वजन किती आहे?"

"चाकाचं?"

"चाकाचं कशाला? चाकावर काय बसणार आहे त्याचं."

मला सांगता येईना. ट्रेलरच्या पुढच्या पाटीवर कमाल एकूण वजन २३०० किलो आणि प्रत्येक ॲक्सलला, म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांमागे, १२०० किलो असं ठोकलेलं होतं, तेच वाचून दाखवलं. काका म्हणाले, "ती परवानगी झाली. वजन वेगळं. आधी मोज, मग माझ्याकडे ये."

तेव्हा मला हे उगाचच ताणल्यासारखं वाटलं होतं. घोडे वाहणारा ट्रेलर आहे, पुस्तकांनी त्याचं काय बिघडणार? मोठा घोडा ५००-६०० किलोचा असतो, तसे दोन यात उभे राहायचे. माझी पुस्तकं तेवढी थोडीच असणार! तरी एका संध्याकाळी घरातल्या शेल्फवरची बरोबर एक मीटर लांबीची रांग उतरवली आणि वजनाच्या काट्यावर ठेवली. कादंबऱ्या, बालपुस्तकं, मधे दोन जाड शब्दकोश. २२ किलो भरली. आराखड्यात एकूण ३० मीटर शेल्फ होतं. म्हणजे ६६० किलो. एक घोडा उतरवून मी एक घोडाभर पुस्तकं चढवणार होते. वर शेल्फांचं लाकूड, टेबल, बॅटरी, पाण्याची टाकी हे सगळं दुसऱ्या घोड्याच्या खाती.

पण खरा फरक किलोंमध्ये नव्हता. घोडे दोन कप्प्यांत दोन बाजूंना उभे राहतात, म्हणजे भार आपोआप वाटला जातो, आणि मुक्कामाला पोचले की उतरतात. टायर मग रिकाम्या ट्रेलरखाली विसावतात. पुस्तकं उतरत नाहीत. पावसाळा असो, सुट्टी असो, ट्रेलर महिनाभर एका जागी उभा असो, ते ६६० किलो त्याच चार रबरी ठशांवर बसलेले. त्यात माझ्या आराखड्यात उजव्या भिंतीला खिडकी आणि टेबल, त्यामुळे तिथे जेमतेम ८ मीटर शेल्फ आणि डावीकडे सलग २२ मीटर. दिसायला फार छान होतं ते. आत शिरलं की समोर छतापर्यंत पुस्तकांची भिंत.

सुतारकाम संपून पुस्तकं भरली आणि मगच मी चाकं मोजायला घेतली. हा क्रम उलटा झाला हे कबूल. मोठ्या वजनकाट्यावर एकूण आकडा मिळतो, एक बाजू चढवून डावं-उजवंही कळतं. मला मात्र चाकागणिक आकडा हवा होता. शर्यतीच्या गाड्यांचं काम करणाऱ्या एकाकडून चाकाखाली सरकवायचे चपटे काटे दोन दिवसांसाठी मागून आणले. दोनच होते. त्यामुळे उरलेल्या दोन चाकांखाली त्याच जाडीचे प्लायवूडचे तुकडे द्यावे लागले. ते न देता पहिल्यांदा मोजलं तेव्हा काट्यावरचं चाक उचललं गेलं आणि शेजारच्याचा भार स्वतःवर घेऊन बसलं. आकडा बघून माझ्या छातीत धस्स झालं होतं. प्लायवूड दिल्यावर खरे आकडे आले: डावं पुढचं ५६०, डावं मागचं ५००, उजवं पुढचं ३६०, उजवं मागचं ३३०. डावी बाजू १०६० किलो, उजवी ६९०. ट्रेलर नुसत्या डोळ्यांनी बघताना मला कधी तिरका वाटला नव्हता.

काट्यांवर उभा असतानाच काकांनी पुढच्या छोट्या आधारचाकाचं हँडल फिरवून ट्रेलरचं नाक चारेक सेंटिमीटर वर घेतलं. डावं पुढचं चाक ५६० वरून ५२५ वर आलं आणि मागचं तेवढंच चढलं. माझ्या ट्रेलरला चारही चाकांना स्वतंत्र रबरी सस्पेन्शन आहे, दोन ॲक्सलमध्ये भार वाटून देणारी काही यंत्रणा नाही. नाक वर गेलं की मागच्या चाकांवर भार, खाली गेलं की पुढच्या. म्हणजे ओढणाऱ्या गाडीचा हूक किती उंचीवर आहे यावर माझ्या टायरवरचा भार ठरणार. हुकाच्या गोळ्याच्या मध्याची उंची भरलेल्या गाडीला जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर असावी असं युरोपीय मानक आहे, आणि ट्रेलरही त्याच हिशेबाने बांधलेले असतात. मोठी चाकं लावून ट्रेलर उचलायचा माझा विचार इथेच अर्धा गार पडला. ट्रेलर उचलला की हूक खाली राहतो, नाक खाली झुकतं, आणि आधीच ५६० वर असलेलं पुढचं डावं चाक आणखी दबतं.

आता टायर वाचायला बसले. वाचायला म्हणजे अक्षरशः, हातात विजेरी आणि ओला फडका घेऊन. टायरच्या कडेवर मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा भाराचा सूचकांक, अक्षर वेगाचं. आकडा म्हणजे थेट किलो नव्हेत, त्याचा तक्ता असतो: ८२ म्हणजे ४७५ किलो, ९० म्हणजे ६००, ९४ म्हणजे ६७०, १०२ म्हणजे ८५०. आणि हे एका टायरचं, तेही त्या भारासाठी नेमून दिलेली पूर्ण हवा भरलेली असताना. अक्षरांत 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटर, 'एल' १२०, 'एन' १४०. ट्रेलरला वेगाचं अक्षर सहसा अडचण करत नाही. भाराचा आकडा करतो.

तीन टायर १६५ आर १३ सी मापाचे निघाले, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि रिम १३ इंची. भार ९४. शेवटचा 'सी' व्यापारी वाहनाचा, म्हणजे बांधणी भक्कम, जास्त हवा सोसणारी. त्यांच्यावर खरं तर ९४/९३ असं लिहिलं होतं. पहिला आकडा चाक एकटं असताना आणि दुसरा जोडचाक असताना. दोन ॲक्सल म्हणजे जोडचाक नव्हे हे मला इथे कळलं. जोडचाक म्हणजे ट्रकसारखी एकाला एक चिकटून बसलेली दोन चाकं. माझ्यासाठी पहिलाच आकडा.

चौथा टायरही १६५ आर १३ च होता. 'सी' नव्हता. भार ८२. साध्या कारचा टायर, कुणीतरी वेळ मारून न्यायला लावलेला असणार. रुंदी तीच, व्यास तोच, नक्षीही इतरांपेक्षा बरी. तो होता डाव्या बाजूला मागे. ४७५ किलोच्या टायरवर ५०० किलो, आणि तेही ट्रेलर उभा असताना. कारचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरावी असा अमेरिकेत प्रघात आहे, कारण ट्रेलरवर त्याला जास्त हाल सोसावे लागतात. त्या हिशेबाने तो ४३० किलोचा उरतो. हा टायर ज्या दिवशी फुटला असता त्या दिवशी मी खड्ड्याला दोष दिला असता.

वयाचं प्रकरण त्याहून मजेशीर. डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. हा आकडा बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण छापलेला असतो, आणि ती बाजू आतल्या अंगाला असण्याची खोड टायरवाल्यांना का असते देव जाणे. ट्रेलरखाली पाठीवर सरकून वाचले. चार टायरचे चार जन्म. सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा. आणि स्टेपनीवर तीनच आकडे, ३४८. चार आकड्यांची पद्धत २००० साली आली, त्याआधी तीन असायचे. म्हणजे ३४ वा आठवडा आणि आठावर संपणारं साल, फार तर १९९८. नक्षी नवीकोरी! रबराच्या कळ्या अजून टायरला चिकटलेल्या. अंगठ्याने कड दाबली तर सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा उघडल्या.

कारचे टायर झिजून मरतात, ट्रेलरचे उभ्या उभ्या. ऊन, हवेतला ओझोन आणि एकाच जागी दबलेली कड. रबरातले जे संरक्षक घटक असतात ते टायर फिरत राहिला की जास्त सहज पृष्ठभागावर येत राहतात, म्हणून उभा टायर लवकर वाळतो. जर्मनीत ट्रेलरसह ताशी १०० किलोमीटरची मुभा हवी असेल तर टायर सहा वर्षांच्या आतलेच लागतात, आणि या नियमात नक्षी किती उरली याने काही फरक पडत नाही. मी स्वतःपुरती सहा ही मुदत धरली आहे. वाचनालयच असल्यामुळे पहिल्या शेल्फच्या आतल्या बाजूला पुस्तकांना असतं तसं परतीच्या तारखेचं कार्ड डकवलंय: पाच टायर, पाचांचे आठवडे, परत कधी. कुणी कुणी ते वाचून हसतात.

तर पाचही टायर बाद. आता काय घ्यायचं?

मोहातून मी अजून पूर्ण सुटले नव्हते. अलॉय सोडली, पण १४ इंची व्हॅनची चाकं डोळ्यांपुढे होती. १८५ आर १४ सी, भार १०२, म्हणजे टायरमागे ८५० किलो. वजनाचा प्रश्नच मिटला, असं मी काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "मिटला तर. पण बसणार कुठं ते?"

मोजून पाहिलं. जुन्या १६५ आर १३ चा व्यास ५९४ मिलिमीटर, नव्याचा ६५० च्या आसपास. माझ्या दोन ॲक्सलच्या मध्यांत ६९० मिलिमीटर अंतर आहे. सध्या पुढच्या-मागच्या टायरमध्ये ९६ मिलिमीटरची फट आहे, ती ४० वर येणार. एखादा ओबडधोबड दगड अडकायला तेवढं पुरे. वर मडगार्डचं काय, हे बघायला काकांनी लहान मुलांची खेळायची क्ले आणायला लावली. तिच्या बोटभर लांब, निमुळत्या वाती करून मडगार्डच्या आत, टायरच्या बरोबर वर, टोक खाली करून चिकटवल्या. पुस्तकांसकट ट्रेलर एका उंचवट्यावरून दोनदा नेला. परत येऊन विजेरी मारली तर वातींची टोकं टायरने सपाट कापलेली. डावीकडे पुढे जी सगळ्यात आखूड उरली होती ती मोजली, ४१ मिलिमीटर. म्हणजे उंचवट्यावर सस्पेन्शन दबल्यावर तेवढीच जागा राहते. ६५० च्या टायरची त्रिज्या २८ ने जास्त. उरले १३ मिलिमीटर. आणि तोही नेहमीचा उंचवटा, खड्डा नव्हे.

ब्रेकचं तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझ्या ट्रेलरला ढकलीचे ब्रेक आहेत: पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेलतो, त्या रेट्याने दांडा आत जातो आणि ड्रममधले ब्रेक लागतात. ड्रम जो पीळ देतो तो ठरलेला. चाक मोठं झालं की तोच पीळ लांब त्रिज्येवर पसरतो आणि जमिनीवरचा ब्रेकचा जोर तेवढ्या प्रमाणात घटतो. ५९४ चे ६५० केले तर साधारण साडेआठ टक्के. म्हणून असे ब्रेक बनवणारे कोणत्या मापाच्या चाकांपर्यंत चालेल ते लिहून देतात. ते कागद पाहिले तर माझं स्वप्नातलं चाक त्या मर्यादेच्या बाहेर होतं. लहान चाकाकडे जायचं म्हटलं तर वेगळी अडचण, ड्रमच रिमच्या आत मावत नाही.

एवढं झाल्यावर मी मुकाट्याने १३ इंचांवर आले. इतकी उठाठेव करून कारखान्याने मुळात दिलेलंच माप! पण जुन्या रिमा चालणार नव्हत्या. दोन रिमांच्या बोल्टच्या भोकांपाशी गंजाने पापुद्रे सुटले होते, तिसरी मागे कधीतरी आपटून वाकलेली. नव्या रिमा मागवायच्या ठरल्या, आणि इथे मी ती चूक केली जिची लाज मला अजून वाटते.

बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास द्यावा लागतो. चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचे मध्य मोजले की झालं. पाचांत समोरासमोर कुणीच नसतं. मी टेप धरून अंदाजाने मोजलं, ११४ आणि वर काहीतरी आलं. ११४.३ हे माप प्रचलित आहे हे वाचलेलं होतं, त्यामुळे आनंदाने तेच मागवलं. रिमा आल्या, चाक हबवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाशी ज्यावर चाक बोल्टने आवळतात त्या भागावर, सहज बसलं. पहिला बोल्ट गेला, दुसरा गेला, तिसरा पान्याने थोडा रेटावा लागला. चौथ्याला मी पान्यावर पाय देणार एवढ्यात काका कुंपणापाशी आले.

"अगं थांब! हाताने नाही गेला तर तो त्याच्या घरी जात नाहीये."

त्यांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणला. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं, म्हणजे मध्य शोधायची गरजच नाही. ६५.८ मिलिमीटर. याला १.७०१ ने गुणायचं. ११२ येतं. मग नव्या रिमवर तेच मोजलं: ६७.२. गुणलं की ११४.३. शेजारच्या दोन भोकांत फरक जेमतेम १.४ मिलिमीटरचा. हा फरक टेपला दिसत नाही, आणि बोल्ट रेटून लावले तर चाक बसतंही. फक्त ते मध्यावर बसत नाही, बोल्ट तिरपे ताणलेले राहतात, आणि काही शे किलोमीटरनंतर एकेक सैल होत जातात किंवा तुटतात. रिमा परत पाठवल्या. वाहतुकीचा भुर्दंड माझा, चूकही माझीच.

दुसऱ्या खेपेला मी कागदावर सगळं लिहून मगच मागवलं. बोल्टवर्तुळ ११२, मधलं भोक हबच्या मापाचं, रिमची रुंदी साडेचार इंच, आणि ऑफसेट अधिक ३०. ऑफसेट म्हणजे रिमचा हबला टेकणारा पृष्ठभाग तिच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे ते. अधिक जितका जास्त, तितकं चाक आत. ज्या अलॉयवर मी भाळले होते त्यांचा ४५ होता. म्हणजे चाक १५ मिलिमीटर आत सरकलं असतं, रिमही रुंद, आणि टायरची आतली कड सस्पेन्शनच्या दांड्याला घासली असती. कमी ऑफसेट घेतला तर चाक बाहेर, मडगार्डबाहेर डोकावणारं, आणि बेअरिंगवर त्याचा उलटा जोर. रिमलाही स्वतःची भारक्षमता असते, ती आतल्या अंगाला ठोकलेली असते. टायर ६७० किलोचा आणि रिम ५०० ची असली तर जोडी ५०० चीच.

बोल्टच्या बैठकीचं एक राहिलं होतं. बोल्टचं डोकं रिमला जिथे टेकतं ती जागा कुठे तिरकी शंकूसारखी असते, कुठे गोलाकार. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. काकांची युक्ती: बोल्टच्या त्या भागावर मार्करची शाई फासायची, हलकेच आवळायचं, काढून बघायचं. माझे जुने बोल्ट नव्या रिमवर लावले तर शाई फक्त एका केसाएवढ्या रेघेत पुसली गेली होती. म्हणजे बोल्ट गोल आणि रिम शंकूची, दोघांची भेट एका रेघेपुरती. रिमबरोबर आलेले बोल्ट लावले तेव्हा चांगला चार मिलिमीटर रुंद पट्टा पुसला गेला. जुने बोल्ट त्याच दिवशी भंगारात, नाहीतर कधीतरी मीच ते चुकून लावले असते.

टायर १६५ आर १३ सी, भार ९४, पाचही एका बनावटीचे, सगळ्यांचा आठवडा सारखा. टायर बसवणारा मुलगा हवा भरताना कारच्या सवयीने ३२ पीएसआयला थांबला. मी म्हटलं, ६५. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी टायर फोडायलाच आले आहे. "ताई, एवढ्या छोट्या चाकाला?" कडेवर छापलेलं दाखवलं तेव्हा भरली. भार उचलते ती हवा, रबर नव्हे. निम्म्या हवेत या टायरची क्षमता जेमतेम निम्म्याहून थोडी वर राहते, कडा वाकत राहतात, तापतात, आणि मग व्हायचं ते होतं. फक्त एक गोष्ट त्याला आधी सांगायला हवी होती: साधे रबरी व्हॉल्व्ह साडेचार बारपर्यंतच, म्हणजे ६५ पीएसआयपर्यंतच चालतात. मी अगदी त्या रेषेवर उभी होते, म्हणून धातूचे घालायला लावले. त्यासाठी पाचही टायर पुन्हा उतरवावे लागले. तो काही बोलला नाही, पण यंत्राचे आवाज जरा मोठे झाले.

आता सांगायला थोडं अवघड जातं ते. ६७० किलोच्या टायरवर ५६० किलो म्हणजे क्षमतेच्या ८४ टक्के. कागदावर बरोबर. पण दोन ॲक्सलच्या ट्रेलरचं एक चाक पंक्चर होऊन बसलं की त्या बाजूचा बराचसा भार शेजारच्या एकट्या चाकावर जातो, आणि माझ्या डाव्या बाजूला १०६० किलो होते. टायर कितीही चांगला घेतला तरी हे गणित सुटत नव्हतं. सोडवायचं तर माझी ती छतापर्यंतची भिंत मोडावी लागणार होती.

मोडली. सगळी नाही. शब्दकोश, ज्ञानकोश, जाडजूड चरित्रं उजवीकडे टेबलाखालच्या खणांत गेली, बॅटरी उजवीकडे, स्टेपनी नाकातून काढून उजव्या भिंतीला बाहेरून, दोन ॲक्सलच्या मधे. हुकावर एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार राहिला पाहिजे, म्हणून थोडी पुस्तकं पुढे सरकवली. डाव्या भिंतीच्या वरच्या दोन रांगांत आता पातळ बालपुस्तकं आहेत, तीही दर्शनी मुखपृष्ठं पुढे करून, म्हणजे संख्येने निम्मी. काटे पुन्हा मागून आणले. डावं पुढचं ४९०, मागचं ४४०. उजवं पुढचं ४२५, मागचं ३९५. अजून डावीकडे ११० किलो जास्त आहेत. खिडकी हलवल्याशिवाय ते जाणार नाहीत आणि खिडकी मी हलवणार नाही.

चाकं बसवायच्या दिवशी बाकी सगळं पटापट झालं. जॅक चेसिसला, कोपऱ्यातल्या आधारपायांना नाही. ते ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाही. चाक वरून आणि खालून धरून हलवलं, उजव्या मागच्यात किंचित खडखड होती, त्याचं बेअरिंग बदललं. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने स्वच्छ घासला, कारण रंगाचा किंवा गंजाचा थर दबला की बोल्ट आपोआप सैल होतो. बोल्ट ताऱ्याच्या चित्रासारखे, एक सोडून एक, आधी हाताने, मग ९० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने, जो ठरवलेला जोर भरला की टक् करतो. रिमा मी मलईसारख्या पांढऱ्या रंगवल्या होत्या. बोल्टच्या बैठकीपाशी मात्र चिकटपट्टी लावून रंग लागू दिला नव्हता. गंजक्या चाकांच्या जागी ही आली तेव्हा १३ इंची असूनही निळ्या ट्रेलरखाली फार देखणी दिसली.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. रस्त्याच्या कडेला ट्रेलर लावला, गाडीतून पाना काढला. वीस बोल्ट. सोळांना पान्याने लगेच टक् केलं. उजव्या मागच्या चाकाचे चार थोडे फिरले, एक तर चांगला पाव फेरा. तिथेच मी बेअरिंगच्या कामासाठी चाक दोनदा काढलं होतं आणि दुसऱ्यांदा हबचं तोंड पुसायला विसरले होते. चाक काढलं, ग्रीसचा हात लागलेला पट्टा फडक्याने पुसला, पुन्हा लावलं. आणखी ५० किलोमीटरवर परत थांबले. त्या वेळी वीसच्या वीस बोल्टनी टक् केलं.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हबला हात लावून बघितलास? गरम आहेत?" लावला होता. चारही सारखेच कोमट.